आमचे दाजी आणि सगळ्यात भारी बँड

सोलापुरात जन्मलेल्या माणसाची उन्हातून सुटका नाही आणि आमच्या घरात जन्मलेल्या माणसाची दाजींच्या बँडमधून सुटका नाही. ऊन निदान श्रावणात दोन-चार दिवस रजेवर तरी जातं. दाजी जात नाहीत. लग्न असो, बारसं असो, कुणाला पोचवून माणसं नुकती घरी परतलेली असोत, दाजी एका कोपऱ्यात एखाद्या बेसावध पाहुण्याला गाठतात आणि विचारतात, "मला सांगा, त्या टायमाला सोलापुरात सगळ्यात भारी बँड कुटला?" पाहुणा बिचारा लग्नात वाजणाऱ्या बँडचं नाव आठवू लागतो. दाजी कपाळाला हात लावतात. तिथून पुढं पाहुण्याचं जेवण गार होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात ते जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणायचं काम करतात. अंगानं काटक, हाताच्या रेषांत कायमचं ग्रीस, आणि मान सदा डावीकडं वळलेली. डावा कान मागांच्या खडखडाटानं केव्हाच खाऊन टाकला, त्यामुळं ऐकायचं ते उजव्यानं. "डावा कान मालकाला दिला, उजवा गाण्याला ठिवला," असं ते सांगतात, जणू ही वाटणी त्यांना विचारून झाली होती. ऐकू कमी येत असल्यामुळं बोलतात मोठ्यानं. आमच्या गल्लीत त्यांनी सांगितलेली गुपितं तिसऱ्या घरापर्यंत गुपित राहत नाहीत.

तर तीसेक वर्षांपूर्वी सोलापुरात दोन रॉक बँड होते. हे वाक्य वाचून हसू येईल हे मला ठाऊक आहे. मीही बरीच वर्षं हसलो. एकाचं नाव 'पॉवरलूम'. तो चादरींच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलानं काढलेला. तोच त्याचा गायक, आणि बँडच्या तालमीही त्याच्याच बंगल्यात. दुसऱ्याचं नाव 'नाईट मेल'. तो रेल्वे कॉलनीतल्या पोरांचा. कॉलेजांची गॅदरिंगं, एखाददुसरा गणपती आणि एक लग्न, एवढ्या कार्यक्रमांवर हे दोन्ही बँड जगले. त्या लग्नात पहिलं गाणं सुरू होताच वरमाय चक्कर येऊन पडली आणि दुसरं गाणं झालंच नाही. चार-पाच वर्षांत दोन्ही बँड संपले. पोरं नोकऱ्यांना लागली, दुकानात बसली, दुबईला गेली. सोलापूर त्यांना विसरून गेलं. वाद मात्र मागं राहिला, आणि तो आमच्या दाजींच्या वाट्याला आला, कारण दाजी पॉवरलूममध्ये बेस गिटार वाजवत.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती पोटातून घुमल्यासारखी वाजते. ऐकणाऱ्याचं तिच्याकडं लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाणं लंगडायला लागतं. "बेस म्हंजी घराचा पाया," दाजी सांगत. "पाया कोण बघतंय? पण काढून बघा की." ते आधी आपल्या चुलत्याच्या गायन पार्टीत भीमगीतांना बेंजोची साथ करायचे. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा बेंजो ऐकून पॉवरलूमच्या गायकानं त्यांना बोलावून घेतलं, असं ते सांगतात. त्यांच्याकडं गिटार नव्हती. मग त्यांनी मोडीत निघालेल्या एका हातमागाचं सागवान मिळवलं, आयटीआयमधल्या हत्यारांनी ते कापलं, तासलं, आणि स्वतःची बेस गिटार तयार केली. पाटा-वरवंट्याइतकी जड होती म्हणे. ती आता कुठं आहे असं विचारलं की दाजी म्हणत, "पॉवरलूमची चीज, पॉवरलूमकडं हाय." आणि विषय बदलत. दाजींनी आपणहून विषय बदलल्याचं हे एकच उदाहरण. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

अक्काला बघायला आले तेव्हा त्यांच्याबरोबरची मोठी माणसं शिक्षण, स्वयंपाक, गाव असं काय काय विचारत होती. दाजी गप्प. शेवटी त्यांच्या मामांनी ढोसल्यावर त्यांनी अक्काला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही इंग्लिश गाणी ऐकता का?" अक्का म्हणाली, "आमचा रेडिओ बंद हाय." दाजी उठले, फळीवरचा रेडिओ काढला, मागचं झाकण उघडलं आणि पोह्यांच्या चमच्यानं तासभर खटपट करून तो सुरू केला. रेडिओवर बाजारभाव लागले होते. आमचे वडील म्हणाले, पोरगं कामाचं दिसतंय. लग्न ठरलं. अक्कानं इंग्लिश गाणं आजतागायत ऐकलेलं नाही.

एकदा दाजींच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. अंगाला वायरी लावल्या, यंत्र टिक-टिक करू लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आस्थेनं विचारत होत्या, "काका, त्रास नेमका कधी होतो?" दाजी म्हणाले, "नाईट मेलचं नाव काढल्यावर." बाईंना वाटलं, काका रात्रीच्या गाडीनं प्रवास करतात. त्यांनी प्रवास बंद करायला सांगितला. दाजींनी मान हलवली आणि यंत्राकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्याचा ठेका मात्र झकास हाय बरं का. आमचा ड्रमवाला असाच वाजवायचा. एक इकडं न्हाय, एक तिकडं न्हाय."

नाईट मेलची बाजू लढवणारा माणूस विजापूर वेशीत राहत असे, अजून राहतो. तो बेकरीवाला चाचा. वयानं दाजींच्या बरोबरीचा, पण सगळी वेस त्याला चाचाच म्हणते. तो स्वतः नाईट मेलचा ड्रमर होता. बापाच्या बेकरीतले पत्र्याचे डबे बडवून शिकला असं दाजी हिणवत आणि चाचाही ते नाकारत नसे. दर रविवारी सकाळी बेकरीपुढच्या बाकावर या दोघांची बैठक बसायची. मी माढ्याला शाळेत शिक्षक. शनिवारी सोलापूरला आलो की रविवारी दाजींबरोबर मलाही तिथं जावं लागे. एका हातात चहा, दुसऱ्या हातात खारी, आणि कानांवर तोच वाद.

"तुमचा गाणारा इंग्लिश बोलत होता का मंत्र म्हणत होता?" दाजी सुरुवात करायचे.

"हौ, आन तुमारा सेठ? दो शब्द बोलता, बाकी सब ला-ला-ला!"

"ला-ला-ला सुरात हुतं की! तुमचं त्येबी न्हवतं."

"जॉबरसाब, हमारे ड्रम से गॅदरिंग के शामियाने का बांबू गिरा था. बांबू! तुमारे से एक खिल्ला तो भी हिला क्या?"

"बांबू पडला कारण त्यो नीट रोवला न्हवता. त्येला संगीत म्हणत न्हाईत, अपघात म्हणतात."

असं बारा वाजेपर्यंत चालायचं. गिऱ्हाईकं पाव घेऊन निघून जायची. मी पेपरमधलं शब्दकोडं सोडवत बसायचो. दोघांपैकी एकही कधी हरला नाही आणि जिंकला तर नाहीच नाही.

साक्षीदार मिळवण्याचंही दाजींना वेड होतं. पॉवरलूमचा कार्यक्रम ऐकलेला माणूस कुठं आहे असं कळलं की ते एसटीत बसलेच. असाच एक रिटायर वायरमन मंगळवेढ्याला राहतो असं त्यांना समजलं. एका मोठ्या गॅदरिंगला दोन्ही बँड लागोपाठ वाजले होते, त्या वेळी लाइटचं काम त्याच्याकडं होतं. दाजी सुट्टी टाकून मंगळवेढ्याला गेले. म्हाताऱ्यानं त्यांना बसवलं, जेवू घातलं. मग दाजींनी प्रश्न टाकला. म्हातारा पुष्कळ विचार करून म्हणाला, "त्या दिवशी फ्यूज उडाला होता. कुणाच्या गाण्यात उडाला ते नाही सांगता येत. पण मी पाच मिनिटांत बांधला." दाजी संध्याकाळी परत आले ते त्यानं दिलेलं मालदांडी ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन. साक्ष मिळाली नाही, भाकरी मात्र दोन महिने मिळाली. चाचानं यावर पंधरा रविवार हसून घेतलं.

मी हे सगळं गमतीनं सांगतोय, पण दाजींच्या बोलण्यात काही गमती अशा होत्या की त्या ऐकताना घशाखालचा चहा कडू व्हायचा. तालमी त्या गायकाच्या बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत चालायच्या. बाकीचे तिघं घरातल्या जिन्यानं वर जात. दाजींसाठी मागच्या बाजूला लोखंडी जिना होता. दाजी हे अभिमानानं सांगायचे. "मला शेपरेट एंट्री हुती. डायरेक गच्चीवर. घरातल्या कुणाची मधी लुडबूड न्हाय." चहा आला की त्यांचा कपही वेगळा असायचा. "बेसवाल्याचा कप येगळा. गच्चीवरच्या कोनाड्यात ठिवल्याला. त्येला दुसरा कुणी हात लावायचा न्हाय." हे सांगताना दाजींचा चेहरा उजळून निघायचा. अक्का अशा वेळी काहीतरी निमित्त काढून आत जायची. मी शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो. तो कप कसला आणि तो जिना कशासाठी, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. दाजींना कळत नव्हतं का? आज मला वाटतं, आमच्या सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं असणार. पण त्यांनी ते असं काही बदलून घेतलं होतं की आपण बोललो तर आपणच त्यांचा अपमान केल्यासारखं होईल. म्हणून मीही खाली बघून चहा प्यायचो.

आणि मग पुणे. पॉवरलूम पुण्याच्या एका मोठ्या स्पर्धेला गेला होता. पुण्याची गोष्ट दाजी फार सुंदर सांगायचे. पडदा वर जातो. पुढं कॉलेजची हजार पोरं, सोलापूरचे म्हणून टिंगल करताहेत. पहिलं अर्धं मिनिट नुसता बेस. बाकी सगळे गप्प. पोरं हळूहळू शांत होतात. मग ड्रम येतो, मग गिटार, मग आवाज. "मास्तर, पुण्याची पोरं खुर्चीवर हुबी! खाली बसायला कुणी तयार न्हाय!" ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेन. ती ऐकताना मलासुद्धा आपण सोलापूरचे असल्याचं बरं वाटायचं. ती सांगताना दाजी कधीही 'मी' म्हणत नसत, 'पॉवरलूम' म्हणत, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोबाइलवर एक निमंत्रण फिरत फिरत आलं. त्या काळच्या गॅदरिंगवाल्या मंडळींनी एक मेळावा ठरवला होता. रविवारी सकाळी, होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात. 'पॉवरलूम' आणि 'नाईट मेल' या दोन्ही बँडचा सत्कार, जुने फोटो, आणि पुण्याच्या त्या कार्यक्रमाची सापडलेली कॅसेट. मला कोण आनंद झाला. मी लगेच खालच्या नंबरवर फोन लावला, पॉवरलूमच्या बेस गिटारवाल्यांचा मी मेव्हणा असं सांगितलं, दाजींचं नाव सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग, "अच्छा, अच्छा. या की. घेऊन या त्यांना." त्या थांबण्याचा अर्थ मी लावला नाही. आपल्याला आनंद झाला की आपण असलं काही ऐकत नाही.

दाजी म्हणाले, "कारखान्यात काम हाय."

"रविवारी?"

"एक माग लई तरास देतोय."

ज्या माणसानं तीस वर्षं तेराव्याच्या पंगतीत पॉवरलूम काढला, तो पॉवरलूमच्याच मेळाव्याला जायचं नाही म्हणत होता. मला वाटलं, लाजतायत. अक्का भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "त्यांना न्यायाचंच का रे? ऱ्हाऊ दे की." मी तिलाही गप्प केलं. शिक्षकाला एकदा उत्साह आला की तो समोरच्याचं तोंड बघत नाही. मी दाजींचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिला, त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं आणि घेऊन गेलो.

कार्यालयात दोनेकशे माणसं होती. गायक आता शेठ झालेला. केस रंगवलेले, गळ्यात रेशमी मफलर. स्टेजवर एका स्टँडवर तपकिरी रंगाची ओबडधोबड गिटार उभी केली होती. दाजी तिच्याकडं बघत दाराशीच थांबले. मागचे लोक "चला, चला" म्हणायला लागले तेव्हा हलले. आम्ही सातव्या-आठव्या रांगेत बसलो. आधी नाईट मेलवाल्यांना वर बोलावलं. चाचा नवा कुर्ता घालून आला होता. त्यानं स्टेजवरून आम्हाला हात केला. मग शेठनं माइक घेतला.

"आता आमच्या पॉवरलूमची टीम," तो म्हणाला. ड्रमवाल्याचं नाव घेतलं, तो उठून वर गेला. गिटारवाल्याचं नाव घेतलं. "आणि बेस गिटारवर माझा आतेभाऊ. तो सध्या दुबईत आहे, येऊ शकला नाही, पण त्याची ही गिटार मी जिवापाड जपून ठेवलीय." टाळ्या झाल्या. मी दाजींकडं बघितलं. ते उजवा कान पुढं करून नीट ऐकत होते. शेठ पुढं म्हणाला, "आणि हो, सुरुवातीच्या काळात आमच्याकडं वायरिंगचं बघणारे एक मित्र होते, तेही आज आलेत असं कळलं. कुठं आहेत? हात वर करा जरा."

मी दाजींचा हात धरणार होतो. पण त्यांनी तो वर केला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंत, वर्गात उत्तर नक्की माहीत नसलेलं मूल करतं तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी मान लववून त्या घेतल्या.

मग पुण्याची कॅसेट लावली. आधी खरखर. मग गाणं. मी वाट बघत होतो त्या अर्ध्या मिनिटाची, नुसत्या बेसची. तसं काही नव्हतंच. सगळे एकदमच सुरू झाले आणि एकमेकांना शोधत राहिले. ड्रम पुढं पळत होता, गायक मागं राहिला होता. मला संगीतातलं काही कळत नाही, पण जत्रेत हरवलेल्या कुटुंबासारखं ते गाणं होतं एवढं मलाही कळलं. दाजी हळू आवाजात म्हणाले, "तिसरी तार उतरलीय." त्यांचा हळू आवाज म्हणजे पुढच्या दोन रांगा वळून बघणार. "बेसची तिसरी तार. लावलीच न्हाय." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ठेका बघ की, कुटं चाललाय," ते म्हणाले. कॅसेटमध्ये प्रेक्षकांचाही आवाज होता. कुणी खुर्चीवर उभं नव्हतं, कुणीतरी "बास करा" म्हणत होतं. कार्यालयातली माणसं मात्र डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. स्वतःची तरुण वर्षं ऐकू येत असली की तारा उतरलेल्या कुणाला ऐकू येतात? त्या दोनेकशे माणसांत ते गाणं खऱ्या अर्थानं ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्यालाही एकच कान होता.

जेवणाच्या रांगेत चाचानं मला बाजूला घेतलं. "क्या कू लाए मास्तर इनो कू?" तो म्हणाला. रागावला होता. त्याच्याकडून मला सगळं कळलं. स्पर्धेच्या आठ दिवस आधी शेठचा आतेभाऊ मुंबईहून गिटार शिकून आला. दाजी तालमीला गेले तर गच्चीवरच्या खोलीला आतून कडी. लोखंडी जिन्यावर उभे राहून त्यांनी अख्खी तालीम ऐकली, आपल्याच गिटारीवर वाजलेली. गिटार परत मागायला गेले तेव्हा वॉचमननं खालूनच परत पाठवलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"सारे सोलापूर कू मालूम था."

"मग तीस वर्षं भांडताय. एकदा जरी हे बोलला असतात तर दाजी तिथंच गप्प झाले असते."

चाचानं माझ्याकडं असं बघितलं की मी कधी शाळेत गेलो होतो की नाही याची त्याला शंका यावी. "क्या बाताँ करते मास्तर," तो म्हणाला. "झगडा बँड का था. आदमी का थोडी था."

आम्ही न जेवता निघालो. दाजी मागं बसले होते. सात रस्त्याला सिग्नलला थांबलो तेव्हा मी मान न वळवता म्हणालो, "दाजी, जुनी कॅसेट आहे. टेप ताणली असेल. म्हणून तसं ऐकू आलं."

"टेप ताणली तर सगळंच उतरतंय," दाजी म्हणाले. "एकटी तिसरी तार न्हाय उतरत."

सिग्नल सुटला. बऱ्याच पुढं गेल्यावर ते माझ्या कानाशी बोलू लागले. एरवी ओरडणारा माणूस, त्या दिवशी मलाच वेग कमी करून ऐकावं लागलं. "मला काढलं, त्येचं काय न्हाय रे मास्तर. काढतात. कारखान्यातनं न्हाईत का काढत? तुझ्या अक्काला लग्नाआधीच सांगितलं हुतं मी. पण मला वाटायचं, लई मोठ्या बँडनं काढलं आपल्याला." मग म्हणाले, "ह्ये तर काहीच न्हवतं की."

दाजींचं दुःख मला समजायला घर येईपर्यंतचा रस्ता पुरला नाही. एका माणसानं आपला अपमान आयुष्यभर घासून-पुसून इतका लखलखीत ठेवला होता की तो दागिना वाटावा. आणि मी त्याला हौसेनं सराफाकडं घेऊन गेलो होतो. अक्कानं दार उघडलं, त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "हात धुवा, भाकरी वाढते," एवढंच त्यांना म्हणाली.

पुढचे तीन रविवार दाजी विजापूर वेशीत गेले नाहीत. घरातला पंखा उतरवून साफ केला, नळाच्या चकत्या बदलल्या, चालू असलेलं शिलाई मशीन दुरुस्त केलं. चौथ्या रविवारी चाचा स्वतः आला. इतक्या वर्षांत तो आमच्या गल्लीत पहिल्यांदाच आला होता. कागदात बांधलेल्या नानकटाया अक्काच्या हातात दिल्या, खुर्चीवर टेकला, इकडंतिकडं बघितलं आणि घसा साफ करून नेहमीच्या आवाजात सुरू झाला, "हां जॉबरसाब, क्या बोलते? शामियाने का बांबू गिरा था का नई?"

दाजी पान्ह्यानं नट पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "पडला हुता. तुमचाच बँड भारी हुता चाचा. मिटलं."

तीस वर्षं ज्या वाक्यासाठी चाचा भांडला ते त्याला असं, हातात पान्हा धरलेल्या माणसानं, सहज देऊन टाकलं. चाचाचा चेहरा मी बघत होतो. "ऐसा नक्को जी," तो म्हणाला. "ऐसा नक्को. तुमारा सेठ... तुमारा भी ला-ला-ला अच्छा था." दाजी हसले, पाहुण्याशी हसावं तसं. "च्या घ्या," म्हणाले. चाचानं चहा अर्धा टाकला. मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथं तो उगाच उभा राहिला. "जीतने के वास्ते पूरी उमर झगडा मास्तर," म्हणाला, "अब जीत्या तो दुकान जाने कू जी नई कर रा."

आता दाजी पुन्हा रविवारी जातात. बाकावर दोघं शेजारी बसतात. शुगरच्या गोळ्यांवर बोलतात, मैद्यावर बोलतात, कारखान्यात आलेल्या नव्या मागांवर बोलतात. ते म्हणे इतके मुके आहेत की शेजारी उभं राहून गप्पा मारता येतात. बारा वाजायच्या आत दाजी घरी येतात. पाहुण्यांची जेवणं आता गार होत नाहीत. आयुष्यभर मला त्या वादाचा कंटाळा होता; पेपरातलं कोडं आता दहा मिनिटांत सुटतं आणि मग वेळ जात नाही. परवा न राहवून मीच म्हणालो, "काही म्हणा, पण त्या टायमाला सोलापुरात सगळ्यात भारी बँड कुठला, हे काही ठरलंच नाही." दोघांनी माझ्याकडं वळून बघितलं. परगावच्या माणसानं, केव्हाच बंद पडलेल्या एखाद्या टॉकीजचा पत्ता विचारावा, तसं. मग चाचा जरा सरकला, आणि मला बसायला जागा करून दिली.